कोकेनवर गोळी का नाही?

शिवाजी पार्कच्या एखाद्या घरात मुलाचं कोकेनचं व्यसन उघडकीला आलं, की पहिला प्रश्न येतो, यावर औषध नाही का? हेरॉइनसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे, दारूसाठी डायसल्फिराम. कोकेनसाठी मात्र अमेरिकेच्या औषध नियामकानेही आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही. प्रयत्न कमी पडले असं नाही. डायसल्फिराम, मोडाफिनिल, टोपिरामेट ही इतर आजारांची औषधं तपासून झाली. २००९ मध्ये कोकेनला रक्तातच अडवणाऱ्या लशीचे निकाल आले. पुरेशी प्रतिपिंडं तयार झालेल्यांचं सेवन घटलं, पण अशी माणसं जेमतेम ३८ टक्के निघाली. पुढच्या मोठ्या चाचणीत लस टिकली नाही.

अशा चाचण्यांत तुलनेसाठी काहींना औषध नसलेली गोळी देणं क्रूर आहे, असं अनेकांना वाटतं. त्यामागची कळकळ खरी आहे. पण सिद्ध झालेलं औषधच नसताना कुणाचं काही हिरावलं जात नाही, आणि समुपदेशन बहुधा दोन्ही गटांना मिळतं. शिवाय माणूस उपचाराला येतो तो सहसा अगदी वाईट काळात. त्यानंतर काही जण गोळीविनाही सावरतात. तुलनेचा गट नसेल, तर त्या सावरण्याचं श्रेय गोळीला फुकट मिळतं. फक्त रुग्णाच्या शब्दावरही विसंबता येत नाही, म्हणून लघवीही तपासतात. तीत कोकेनचे अंश दोन-चार दिवस सापडतात. सध्या सर्वांत भक्कम पुरावा आहे तो स्वच्छ तपासणीला बक्षीस देण्याच्या वर्तनोपचाराचा. तेव्हा कुणी खात्रीची गोळी विकू लागला, तर चाचणीचा पुरावा मागा, आणि मुलाला आधी परळच्या केईएमच्या मनोविकार विभागात न्या.