स्टिमॅचला काढलं ते बरोबरच, पण…

गुवाहाटीचं नाव काढलं की आमच्या कट्ट्यावर आजही आवाज चढतो. 26 मार्च 2024. फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना, समोर अफगाणिस्तान. क्रमवारीत आपल्याहून चाळीसेक जागांनी खाली असलेला संघ, त्यात त्यांच्या कित्येक मुख्य खेळाडूंनी स्वतःच्याच महासंघाशी भांडून बहिष्कार टाकलेला. सुनील छेत्रीचा तो 150 वा आंतरराष्ट्रीय सामना. 38 व्या मिनिटाला त्यानं पेनल्टीवर गोल मारला आणि वाटलं, झालं काम. मग 70 व्या मिनिटाला बरोबरी, 88 व्या मिनिटाला त्यांची पेनल्टी, आणि आपण घरच्या मैदानावर 1-2 असे हरलो.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं पेठेतली तालीम हरली की रात्रीच कोच बदलायची भाषा सुरू होते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहारचा सामना असला की गॅलरीतला प्रत्येक जण अर्धा प्रशिक्षक असतो. तेव्हा भारताच्या प्रशिक्षकाच्या, इगोर स्टिमॅचच्या नावानं त्या आठवड्यात काय काय ऐकलं, ते इथं छापण्यासारखं नाही. आणि मीही त्यात मागं नव्हतो.

17 जून 2024 ला अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं त्याला काढलं, तेव्हा कट्ट्यावर चहा जास्तच फिरला. पाच वर्षं भारताचा मुख्य प्रशिक्षक असलेला माणूस गेला. 53 सामने, 19 विजय, 14 बरोबरी, 20 पराभव. आकडे बघितले तर ना धड चांगले, ना धड वाईट. या मधल्या आकड्यांमुळंच त्याच्याबद्दल आजही दोन माणसांचं एकमत होत नाही.

माणूस साधा नव्हता. 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या बचावफळीत तो होता. त्याआधी 1995 मध्ये तो इंग्लंडच्या डर्बी काउंटीत आला आणि त्याच हंगामाअखेर तो क्लब प्रीमियर लीगमध्ये चढला. डर्बीचे जुने प्रेक्षक त्याचं नाव अजून प्रेमानं घेतात. प्रशिक्षक म्हणून मात्र क्रोएशियानं त्याला 2013 मध्ये, प्ले-ऑफ तोंडावर आलेला असताना काढलं होतं. मग इराण, कतार, आणि मे 2019 मध्ये भारत. म्हणजे नोकरी जाण्याची त्याला सवय होती, आपल्याला त्याची सवय व्हायला वेळ लागला.

सुरुवातीला तर आम्ही त्याच्यावर फिदा होतो. सप्टेंबर 2019 मध्ये दोह्यात, छेत्री आजारी असताना, आशियाई विजेत्या कतारला आपण 0-0 असं रोखलं. गुरप्रीतनं त्या रात्री काय गोलरक्षण केलं! महिन्याभरानं कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध शेवटच्या मिनिटांत कशीबशी 1-1 अशी बरोबरी झाली, आणि पाय जमिनीवर आले. संदेश झिंगनचा गुडघा त्याच सुमारास गेला. 2021 मध्ये दुबईत अमिरातीनं सहा गोल घातले, तो सामना मी शेवटपर्यंत पाहिला नाही.

त्याचा खरा बहर 2023 चा. इंफाळमध्ये तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरात आंतरखंडीय चषक, बंगळुरूत सॅफ, सगळं जिंकलं. जुलैमध्ये भारत क्रमवारीत 99 वर आला. दोन आकडी क्रमांक! कोल्हापुरात त्या दिवशी मोबाइलवर तो आकडा एकमेकांना दाखवत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत.

सॅफमध्ये मात्र या साहेबांनी स्वतःच तमाशा केला. पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडू थ्रो-इन घ्यायला उभा असताना यानं बाजूनं येऊन त्याच्या हातातला चेंडू उडवला. लाल कार्ड. पुढं कुवेतविरुद्ध वाद घालून दुसरं लाल कार्ड. परिणामी उपांत्य आणि अंतिम सामन्याला मैदानाकडेला उभा होता तो त्याचा सहायक, गोव्याचा महेश गवळी. चषक गवळीच्या देखरेखीखाली आला, हे फार थोडे लोक सांगतात. मला मात्र ते आवर्जून सांगावंसं वाटतं.

याच काळातली एक गोष्ट त्याच्या बाजूनं लिहायलाच हवी. क्रमवारीच्या निकषामुळं फुटबॉल संघ आशियाई क्रीडा स्पर्धेला पाठवायचा नाही असं ठरत होतं. स्टिमॅचनं थेट पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिलं आणि संघाला परवानगी मिळाली. मग सुरू झाला खेळाडूंचा प्रश्न. ही स्पर्धा फिफाच्या ठरलेल्या तारखांबाहेर होती, त्यामुळं खेळाडू सोडायचं बंधन क्लबांवर नव्हतं, आणि इंडियन सुपर लीग तोंडावर आलेली. क्लबांनी सोडलेले जमतील तितके खेळाडू घेऊन संघ हांगझोऊला पोचला तो सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी चीननं 5-1 असं धुतलं. राहुल के. पी.चा गोल तेवढा डोळ्यांत राहिला.

इथंच राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाची गोम आहे आणि ती आपण प्रेक्षक नीट समजून घेत नाही. क्लबच्या प्रशिक्षकाला खेळाडू रोज भेटतात. राष्ट्रीय प्रशिक्षकाला वर्षातून मोजके आठवडे. फिफाच्या तारखा नसतील तर क्लबच्या दारात हात जोडून उभं राहायचं. स्टिमॅच पाच वर्षं एकच रेकॉर्ड लावून बसला होता: मोठ्या स्पर्धेआधी मला चार आठवड्यांचं शिबिर द्या. 2023 च्या उन्हाळ्यात लीग संपलेली होती, भुवनेश्वरात लांब शिबिर झालं, आणि त्यामागून दोन चषक आले. जानेवारी 2024 च्या आशिया चषकाआधी जेमतेम दोन आठवडे मिळाले. ऑस्ट्रेलियाकडून 0-2, उझबेकिस्तानकडून 0-3, सीरियाकडून 0-1. तीन सामन्यांत एकही गोल नाही.

गोल नाही याचंही कारण एका माणसात नव्हतं. आपल्या लीगमध्ये क्लब गोल करायची जागा परदेशी खेळाडूला देतात. भारतीय पोरगा विंगवर पळतो किंवा बेंचवर बसतो. मग 39 व्या वर्षी छेत्रीच पुढं. आमच्या पेठेतल्या एका जुन्या खेळाडूनं तेव्हा मला विचारलं होतं, “मर्दा, नऊ नंबर पेरलाच न्हाई, तर कोच काय उगवून दाखवणार?” त्यावर मला उत्तर सुचलं नाही, पण गुवाहाटीची रात्र विसरायलाही मी तयार नव्हतो.

कारण नऊ नंबर नसला तरी अफगाणिस्तानला हरवता येतं. त्याच्या दोनच वर्षं आधी याच स्टिमॅचच्या संघानं कोलकात्यात हरवलं होतं.

कतारविरुद्धच्या शेवटच्या सामन्याबद्दल बरंच रडून झालंय. 11 जून 2024, दोहा. छांगतेनं 37 व्या मिनिटाला आघाडी दिली. 73 व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला सगळ्यांना दिसला, आपले खेळाडू थांबले, कतारच्या खेळाडूनं तो आत ओढला, यूसुफ ऐमननं गोल केला आणि रेफरीनं तो दिला. व्हिडिओ रेफरी त्या फेरीत नव्हता. चीड आली, अजून येते. पण कागद-पेन घेऊन बसा. आपले गुण झाले 5, दुसऱ्या क्रमांकानं पुढं गेलेल्या कुवेतचे 7. गुवाहाटीत जिंकलो असतो तर दोह्यात हरूनही आपले 8 झाले असते. तो अन्याय खरा, पण आपण बाहेर पडलो ते ब्रह्मपुत्रेच्या काठी.

स्टिमॅचनं मार्चमध्ये स्वतःच सांगितलं होतं, तिसऱ्या फेरीत नेलं नाही तर मी जाईन. गेला नाही. काढावं लागलं. आणि काढल्यावर त्यानं महासंघावर तोफ डागली, पैशांसाठी दावा लावायची भाषा केली. इथं मला महासंघाचा जास्त राग येतो. ऑक्टोबर 2023 मध्ये, पात्रता फेरी सुरू व्हायच्या आधी, 2026 पर्यंतचा करार यांनीच वाढवून दिला होता. तो मधूनच मोडायचा तर किती द्यायचे, हे नीट बांधून घेतलं नव्हतं. शेवटी सुमारे 4 लाख डॉलरवर तडजोड झाली. तेव्हाच्या भावानं सव्वातीन कोटींच्या वर. वयोगटातल्या किती स्पर्धा त्यात झाल्या असत्या, हा हिशेब आमच्या जिल्ह्यातला कुठलाही तालीम सेक्रेटरी बसल्या जागी करून देईल.

संघनिवडीसाठी ज्योतिषाचा सल्ला घेतल्याच्या बातम्याही आल्या. त्यावर हसून झालं, आणखी वेळ घालवत नाही.

मग मागं काय राहिलं? माझ्या मते खेळाडू. हृदयाच्या तक्रारीमुळं ज्याचं फुटबॉल संपल्यात जमा होतं, त्या अन्वर अलीला 2022 मध्ये यानंच भारताची जर्सी दिली, आणि तो पुढं बचावाचा कणा झाला. मुंबईच्या राहुल भेकेला 2019 मध्ये यानंच पहिल्यांदा उतरवलं. आणि मार्च 2022 मध्ये बहरीन-बेलारूस सामन्यांसाठी आमच्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला वरिष्ठ संघात बोलावणारा प्रशिक्षकही हाच. ती यादी आली त्या दिवशी आमच्याकडं स्टिमॅच क्रोएशियाचा राहिला नव्हता, पेठेतला झाला होता. दोन वर्षांनी त्याच तोंडांनी त्याला शिव्या घातल्या. प्रेक्षक असेच असतात आणि असावेत.

त्याच्यामागून काय झालं तेही बघा. मानोलो मार्केझ आला, तोही सुरुवातीला एफसी गोवाची नोकरी सांभाळून. आठ सामन्यांत एक विजय, मालदीवविरुद्ध. त्यासाठीही निवृत्त झालेल्या छेत्रीला परत बोलवावं लागलं. जुलै 2025 मध्ये मार्केझ गेला. ऑगस्टमध्ये खालिद जमील आला. मुंबईत खेळलेला, कूपरेजवर मुंबई एफसीला वर्षानुवर्षं सांभाळलेला आणि आयजॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिलेला. सावियो मेदेरानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस या खुर्चीत बसला म्हणून आम्ही खूश झालो. त्यानं ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं, ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवलं. तेव्हाही काही क्लबांनी खेळाडू सोडले नव्हतेच. माणूस बदलला तरी रडगाणं तेच, कारण वेळापत्रक कुणी बदललंच नाही.

स्टिमॅचचं पुढं काय, याची मला फारशी काळजी नाही. अशा माणसांना कुठं ना कुठं बेंच मिळतोच. त्याला काढलं ते बरोबर. फक्त गुवाहाटीनंतर लगेच काढायला हवं होतं, म्हणजे दोह्याच्या रात्रीआड लपायची सोय त्याला आणि महासंघाला, दोघांनाही राहिली नसती. पण शिबिराच्या दिवसांबद्दल तो जे ओरडत होता ते खरं होतं, आणि ते आजही कुणी ऐकलेलं नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरनं आपल्याला 2-1 असं हरवलं आणि 2027 च्या आशिया चषकाचा रस्ता बंद झाला. भारत आजवर लागोपाठ दोन आशिया चषकांना पात्र ठरला तो एकदाच, 2019 आणि 2023 च्या वेळी, आणि त्यातली दुसरी पात्रता स्टिमॅचच्या संघानं शेवटच्या फेरीतले तिन्ही सामने जिंकून मिळवली होती.