एका 'ओ'ची किंमत

हल्ली दसरा-दिवाळी जवळ आली की टीव्हीच्या दुकानांवर 'ओएलईडी' ही अक्षरे झळकू लागतात. शेजारीच 'एलईडी टीव्ही' मांडलेला असतो. नावात एका 'ओ'चा फरक, पण किमतीत कितीतरी पटींचा! हप्त्यावर वस्तू घेणाऱ्या आपल्या कष्टकरी कुटुंबांनी हा 'ओ' आधी समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

'ओ' म्हणजे ऑरगॅनिक. मात्र याचा सेंद्रिय खताशी काही संबंध नाही. येथे त्याचा अर्थ कार्बनयुक्त रसायने. त्यांचे अतिशय पातळ थर दोन विद्युत-अग्रांच्या मध्ये बसवतात. वीज सोडली की ते थर स्वतःच उजळतात. हे सारे थर मिळून आपल्या केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतात! अमेरिकेच्या कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाईक या संशोधकांनी १९८७ साली असा दिवा दहा व्होल्टपेक्षाही कमी दाबावर पेटवून दाखवला. पुढे २००७ साली सोनीने ११ इंची ओएलईडी टीव्ही बाजारात आणला.

मग 'एलईडी टीव्ही' म्हणजे काय? तो बहुधा जुना एलसीडी पडदाच असतो. फक्त त्याच्या मागे किंवा कडेला एलईडी दिवे लावलेले असतात. ओएलईडीत मागे दिवा लागत नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. म्हणून त्यातला काळा रंग खराखुरा काळा दिसतो.

पण गुणाबरोबर दोषही पाहावेत. ही रसायने ओलाव्याने व हवेने खराब होतात, म्हणून ती घट्ट बंद करावी लागतात. निळ्या रंगाचे ठिपके लवकर थकतात. एकच चित्र, उदाहरणार्थ वाहिनीचे चिन्ह, तासन् तास राहिले तर पडद्यावर त्याचा कायमचा डाग उमटू शकतो. हा डाग गॅरंटीत बसतो का, हे दुकानदाराला पैसे मोजण्यापूर्वीच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

घरच्या उजेडासाठी ओएलईडीचे सपाट दिवेही निघाले आहेत. त्यांचा प्रकाश सौम्य असतो, पण ते महाग आहेत. आपल्यासाठी साधा एलईडी बल्बच बरा. निळा एलईडी शोधणाऱ्या आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्या शोधामुळेच हा पांढरा उजेड आपल्या घरात आला.

आता हिशेब मांडू. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट वीज लागते. जवळजवळ तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडीला १.३५ युनिट पुरते. असे तीन बल्ब बदलले तर महिन्याला सुमारे २३ युनिट वाचतात.

माता-भगिनींनो, टीव्हीचा हप्ता ठरवण्यापूर्वी घरातले बल्ब मोजा. मुले अभ्यासाला बसतात तिथला बल्ब आधी बदला. टीव्ही पुढच्या दिवाळीलाही घेता येईल; मुलांचे शाळेचे वर्ष मात्र थांबत नाही.