विषाच्या वाटेचा माग

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात भाजी घेताना आपण भाव विचारतो, ताजी आहे का ते बघतो. ती कोणत्या विहिरीच्या पाण्यावर पिकली, हे विचारत नाही. शहराभोवती चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहती आणि शेतशिवारं एकमेकांना खेटून आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या 88 औद्योगिक क्षेत्रांना 100 पैकी गुण दिले, तेव्हा औरंगाबादच्या (शहराचं तेव्हाचं नाव) वाट्याला 77.44 आले. सत्तरी ओलांडणारी 43 क्षेत्रं अतिप्रदूषित ठरली, त्यांत हे एक होतं. मात्र हा आकडा हवा, पाणी आणि जमीन मिळून सबंध क्षेत्राचा. नेमक्या कोणत्या प्लॉटखालची माती उपसायची, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक जागा वेगळी तपासावी लागते.

सुरुवात कागदांपासून होते. कारखान्यात कोणता कच्चा माल यायचा, गाळ कुठे टाकला जायचा, पिंपं कुठे पुरली? जुनी उपग्रह छायाचित्रं, निवृत्त कामगार, शेजारचे शेतकरी यांच्याकडून संशयाच्या जागा हाती लागतात. मग तिथले मोजके नमुने घेतात. एक नमुना मुद्दाम लांबच्या, स्वच्छ जमिनीतला असतो. मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट झिजून बनली आहे. तांबं, क्रोमियम, निकेल तिच्यात मुळातच असतं. निसर्गाचा हा वाटा वजा केल्याशिवाय दोष कारखान्याच्या माथी मारता येत नाही.

संशय बळावला की चौकटी आखून वेगवेगळ्या खोलीवरची माती काढतात, पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींचं पाणी तपासतात. इथे आपला कातळ परीक्षा पाहतो. वाळूच्या थरात दूषित पाणी बहुधा उताराच्या दिशेने सरकतं. बेसाल्टमध्ये ते मुरमातून आणि भेगांतून वाट काढतं. त्यामुळे कुंपणालगतची विहीर चांगली आणि लांबचं बोअर बिघडलेलं, असंही होऊ शकतं. म्हणून जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा विद्युतरोध मोजतात आणि भेगांचा अंदाज घेतात.

एवढं झालं तरी निकाल लागत नाही. विषाचा स्रोत, त्याची वाट आणि वाटेच्या टोकाला असलेला जीव, ही तिन्ही जुळली तरच धोका मानला जातो. पक्क्या काँक्रीटखाली अडकलेल्या तीव्र रसायनाची सफाई थांबू शकते. शाळेच्या बोअरमध्ये उतरणाऱ्या सौम्य रसायनाची थांबू शकत नाही. अमेरिकेत लव्ह कॅनॉलमध्ये रसायनं पुरलेल्या जागेवर घरं आणि शाळा उभी राहिली होती. 1978 मध्ये ते प्रकरण पेटलं आणि 1980 मध्ये 'सुपरफंड' कायदा झाला. तिथली गुणपद्धतही याच तीन दुव्यांवर बेतलेली आहे. 100 पैकी 28.5 गुण झाले की जागा राष्ट्रीय प्राधान्य यादीसाठी पात्र ठरते.

डोळ्यांना दिसणारा कचरा फसवतो, हे भोपाळने शिकवलं. तिथल्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात साठवलेला सुमारे 337 टन कचरा 2025 मध्ये पिथमपूरला जाळण्यात आला. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने 2010 मध्ये मांडलेला कारखान्याच्या जागेवरच्या दूषित मातीचा अंदाज मात्र 11 लाख टनांचा होता.

आपल्याकडे दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम जुलै 2025 मध्ये आले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची. जागा दूषित ठरली की सफाईचा आराखडा तज्ज्ञ संस्था करते आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल होतो. गावकऱ्यांच्या आंदोलनानंतर 2018 मध्ये बंद पडलेल्या, संभाजीनगरजवळच्या नारेगावसारखा कचरा डेपो एरवी या नियमांत बसत नाही. त्यात घातक रसायनं मिसळून मर्यादा ओलांडली गेली असेल, तरच बसतो.

सफाई म्हणजे दर वेळी माती उपसून नेणं नव्हे. कधी जागा झाकणं, कधी पाणी उपसून शुद्ध करणं, तर कधी विहीर बंद करून गावाला दुसरं पाणी देणं पुरतं. तीनपैकी एक दुवा तुटला पाहिजे. पण हे सगळं सुरू होतं ते यादीतल्या एका ओळीपासून. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात पिवळं झालं, वास कधी सुटला, हे तारखेसह लिहून अर्ज देणारा शेतकरी तपासणीचा पहिला पुरावा देत असतो, आणि तो पुरावा मिळवायला प्रयोगशाळा लागत नाही.