जुन्या स्कॅनरला आज काय ऐकू येते?

अमेरिकेत एखादे जुने घर रिकामे होऊ लागले, म्हणजे तळघरातील फळ्यांवरून आणि माळ्यावरील खोक्यांतून ज्या वस्तू उजेडात येतात, त्यांत रेडिओ स्कॅनर नावाची एक काळी, आयताकृती पेटी पुष्कळदा असते. ती ज्याच्या वाट्याला येते तो तिला विजेशी जोडतो, दर्शनी पट्टीवर आकडे उमटतात, एकामागून एक सरकू लागतात, आणि तरीही पोलीसखात्याचे व अग्निशामक दलाचे जे संभाषण पूर्वी त्या पेटीतून रात्रंदिवस घरात ऐकू येई, त्यातील एक शब्दही कानी पडत नाही. तेव्हा यंत्र बिघडले असे समजून ते मोडीत घातले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे, आणि अनेक प्रसंगी अन्यायाचाही आहे, असे मला वाटते. ‘हे यंत्र अजून चालते काय’ या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात: यंत्र स्वतः निर्दोष आहे काय, हा पहिला, आणि ते ज्यांचे बोलणे ऐकू पाहते ते लोक अद्याप त्याला समजेल अशा रीतीने बोलतात काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा होकारार्थी मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपण कोणत्या गावी राहतो आणि कोणाचे बोलणे ऐकू इच्छितो, यावर सर्वस्वी अवलंबून असते.

करमणुकीच्या रेडिओवर एका केंद्रावर काटा लावून तासन् तास बसता येते, कारण ते केंद्र अखंड बोलत असते. गस्तीवरील शिपाई किंवा बंबावरील जवान मात्र चार शब्द बोलतो आणि गप्प होतो. म्हणून स्कॅनर नेमून दिलेल्या वारंवारता क्रमाक्रमाने चाचपीत जातो, जेथे कोणी बोलत असेल तेथे थांबतो, आणि बोलणे संपताच पुढे निघतो. आरंभीच्या यंत्रांत प्रत्येक वारंवारतेसाठी एकेक क्रिस्टल विकत आणून बसवावा लागे. पुढे आकड्यांची बटणे दाबून हवी ती वारंवारता यंत्राच्या स्मरणात नोंदविण्याची सोय झाली, आणि बेअरकॅट व रिअ‍ॅलिस्टिक ही नावे सामान्य अमेरिकन कुटुंबांत परिचयाची झाली.

परंतु ऐकण्याचा हा शौक स्कॅनरहून जुना आहे. १९२८ साली डेट्रॉइटच्या पोलीसखात्याने आपल्या मोटारींना बिनतारी संदेश पाठविण्यास प्रारंभ केला, आणि १९३३ साली न्यू जर्सीतील बेयॉन येथे मोटारीतील शिपायालाही उलट उत्तर देता येऊ लागले. त्या काळी पोलिसांच्या वारंवारता करमणुकीच्या मध्यम लहरींना लागूनच असल्यामुळे कित्येक घरगुती रेडिओंच्या तबकडीवर ‘पोलीस’ अशी अक्षरेच छापलेली असत, आणि रात्रीचे जेवण आटोपून बसलेल्या कुटुंबाला शहरातील चोऱ्यांची व आगींची वार्ता पोलिसांच्या बरोबरीने कळत असे. वीजी या नावाने विख्यात झालेला छायाचित्रकार आर्थर फेलिग याने १९३८ साली आपल्या मोटारीत पोलिसांचा रेडिओ बाळगण्याची रीतसर परवानगी मिळविली, आणि न्यूयॉर्कच्या रात्रींची त्याची जी छायाचित्रे आज कलासंग्रहालयांत मानाने टांगली जातात, त्यांतील कित्येकांचे मूळ त्या परवानगीत आहे. नागरिकाने आपल्या रक्षकांचे बोलणे ऐकावे, यात त्या समाजाला काही काळ तरी गैर असे वाटले नाही, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

उदाहरणादाखल रिअ‍ॅलिस्टिकचा ‘प्रो-२००६’ हा स्कॅनर घेऊ. १९९० च्या सुमारास बाजारात आलेले हे यंत्र त्या पिढीतील उत्तम यंत्रांपैकी एक मानले जाई, आणि जाणकार आजही ते मोठ्या आस्थेने सांभाळतात. त्याच्या स्मरणात ४०० वाहिन्या मावतात, आणि २५ मेगाहर्ट्झपासून १३०० मेगाहर्ट्झपर्यंतचा विस्तीर्ण मुलूख, मध्ये काही फटी सोडून, त्याच्या अमलाखाली येतो. या फटींपैकी सर्वांत प्रसिद्ध फट मोबाइल दूरध्वनीची. १९८६ च्या कायद्याने मोबाइलवरील खाजगी संभाषण ऐकणे हा अपराध ठरला होता. तथापि प्रो-२००६ च्या अंतर्भागातील एक डायोड कापला की ती फट भरून निघे, ही गोष्ट हौशी मंडळींत सर्वश्रुत होती. १९९६ च्या डिसेंबरात फ्लोरिडातील एका दांपत्याने मोटारीतील स्कॅनरवर प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच व त्यांचे सहकारी यांचे दूरध्वनी-संभाषण ऐकून ध्वनिमुद्रित केले, त्याचा देशभर गवगवा झाला, आणि त्या दोघांना दंड भरावा लागला. त्यापूर्वीच, १९९४ पासून, मोबाइलच्या वारंवारता ऐकू शकणारे स्कॅनर तयार करण्यास व आयात करण्यास सरकारने मनाई केली होती. आज हा सारा वाद इतिहासजमा झाला आहे. २००८ च्या फेब्रुवारीनंतर जुन्या धर्तीची मोबाइल सेवा चालविण्याचे बंधन कंपन्यांवरून उठले, तिचे मनोरे बंद पडत गेले, आणि डायोड कापलेल्या यंत्रालाही तेथे आता कोणाचे संभाषण सापडत नाही.

जुन्या स्कॅनरची खरी अडचण निराळी आहे, आणि ती तीन पायऱ्यांनी वाढत गेली.

पहिली पायरी ट्रंकिंगची. पूर्वी प्रत्येक खात्याला स्वतःची स्वतंत्र वारंवारता असे, मग ते दिवसभर बोलो वा न बोलो. शहरे वाढली, खाती वाढली, वारंवारता अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा रेल्वे स्थानकावर प्रत्येक खिडकीपुढे निराळी रांग न लावता सर्वांची एकच रांग करावी आणि जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पुढचा उतारू पाठवावा, तशी तजवीज अभियंत्यांनी केली. सर्व खात्यांनी मिळून दहा-वीस वारंवारता सामाईक वापराव्या. एक नियंत्रक वाहिनी अखंड सांकेतिक आज्ञा प्रसृत करीत राहावी. शिपायाने बोलण्याची कळ दाबताच संगणकाने एखादी मोकळी वारंवारता शोधून त्या गटातील सर्वांचे रेडिओ क्षणार्धात तेथे वळवावे. प्रो-२००६ ला या आज्ञा कळत नाहीत. त्याला प्रश्न एका वारंवारतेवर ऐकू येतो, उत्तर दुसरीकडेच निघून गेलेले असते, आणि मधल्या वेळात पाणीपुरवठा खात्याचे किंवा शाळेच्या बसगाड्यांचे असंबद्ध तुकडे कानी पडतात. नियंत्रक वाहिनीवर तो थांबला, तर नुसती न संपणारी घरघर. १९९७ साली युनिडेन या कंपनीने ट्रंकिंगचा माग काढणारा पहिला स्कॅनर विक्रीस आणला आणि ही उणीव भरून काढली. परंतु त्या यंत्रांवरही पुढे संकट आले. ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका मोबाइल कंपनीच्या प्रक्षेपणाचा पोलीस व अग्निशामक दलांना उपद्रव होऊ लागल्याने २००४ साली त्या पट्ट्याची नव्याने वाटणी करण्याचा हुकूम निघाला. आणि जी यंत्रे वाहिनीच्या क्रमांकावरून वारंवारता ठरविण्यासाठी जुने, आत कायमचे कोरलेले कोष्टक वापरीत, ती नव्या वाटणीत भलत्याच ठिकाणी जाऊन थांबू लागली.

दुसरी पायरी डिजिटल ध्वनीची, आणि येथे जुन्या यंत्राचा मार्ग खऱ्या अर्थाने खुंटतो. सार्वजनिक सुरक्षेच्या खात्यांत एकाचा रेडिओ दुसऱ्याशी बोलत नाही, ही तक्रार जुनी होती. तिच्या निवारणार्थ १९८९ साली ‘प्रोजेक्ट २५’ या नावाने एक सामाईक प्रमाण ठरविण्याचे कार्य सुरू झाले. या पद्धतीत बोलणाऱ्याचा आवाज लहरीच्या रूपाने न जाता आकड्यांच्या रूपाने जातो. दर सेकंदाला ९६०० बिट् प्रक्षेपित होतात. त्यांपैकी ४४०० आवाजाचे, २८०० चुका दुरुस्त करण्यासाठी, आणि उर्वरित २४०० इतर व्यवस्थेचे. हे आकडे परत आवाजात रूपांतरित करणारी यंत्रणा ज्याच्या पोटात नाही, त्या स्कॅनरला केवळ खरखर ऐकू येते. नियंत्रक वाहिनीचा माग काढता येणारे १९९७ चे यंत्रही येथे तितकेच हतबल. या प्रमाणाच्या दुसऱ्या टप्प्यात एकाच वाहिनीवर कालविभागणी करून दोन संभाषणे एकदम चालविण्याची युक्ती निघाली, आणि तिच्यामुळे पहिल्या टप्प्यापुरते बनविलेले डिजिटल स्कॅनरही मागे पडले. त्यातच मोठ्या शहरांत एकच संदेश अनेक मनोऱ्यांवरून एकाच वेळी सोडतात, आणि ते प्रवाह किंचित मागेपुढे येऊन परस्परांत मिसळले की चांगले डिजिटल यंत्रही गोंधळून शब्द गाळू लागते. ही अडचण बऱ्याच अंशी दूर करणारा, हाती धरण्याजोगा ‘एसडीएस १००’ २०१८ साली आला. जुनेपणाची व्याख्या येथे किती लवकर बदलते, हे यावरून दिसेल. दहा वर्षांपूर्वी महाग किमतीला घेतलेले यंत्र एका शहरात निरुपयोगी ठरते, तर पस्तीस वर्षांचा प्रो-२००६ दुसऱ्या गावात उत्तम काम देतो.

या पायऱ्यांखेरीज वाहिन्या अरुंद करण्याचा जो हुकूम १ जानेवारी २०१३ पासून अमलात आला, त्याचा नाहक बाऊ केला जातो. २५ किलोहर्ट्झची वाहिनी १२.५ वर आल्याने जुन्या यंत्रावर आवाज क्षीण झाला, शेजारच्या वाहिनीचा थोडा उपसर्ग होऊ लागला, एवढेच. ध्वनीची कळ अधिक फिरविली म्हणजे भागते.

तिसरी पायरी गुप्तलेखनाची. संभाषण कूटबद्ध केले म्हणजे जुने यंत्र आणि नवे यंत्र हा भेदच उरत नाही. किल्ली जवळ नसणाऱ्या प्रत्येकाला ते बंद. डेन्व्हरच्या पोलीसखात्याने २०१९ साली आपले सर्व बोलणे कूटबद्ध केले. शिकागोने २०२२ पासून तोच मार्ग धरला आणि जनतेसाठी अर्ध्या तासाच्या विलंबाने प्रक्षेपण ठेवले. न्यूयॉर्कने २०२३ साली ब्रुकलिनपासून आरंभ केला. पोलिसांचे म्हणणे असे, की गुन्हेगार ऐकून सावध होतात, आणि पीडितांची नावे व पत्ते वाऱ्यावर जातात. यातील दुसरी गोष्ट मला पूर्णतः रास्त वाटते. एखाद्या आजारी माणसाचा जन्मदिनांक आणि व्याधी सबंध गावाने ऐकावी, असे कोणताही विवेकी मनुष्य म्हणणार नाही. परंतु नाव-पत्ता सांगण्यापुरती वाहिनी बंद करणे निराळे आणि रस्त्यावर अपघात झाला, अमुक चौकात बंब पाठवा, हेही लपविणे निराळे. शेजारच्या इमारतीला लागलेल्या आगीची वार्ता अर्ध्या तासाने मिळून काय उपयोग? आणि वार्ताहराने घटनास्थळी केव्हा पोहोचावे, हे ज्यांच्या वर्तनावर त्याने लक्ष ठेवावयाचे त्यांनीच ठरवावे, ही व्यवस्था लोकशाहीत मला घातक वाटते. सर्वच गुप्त ठेवण्याचा हा सरसकट बंदोबस्त मागे घेतला जावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

मग या जुन्या पेटीत ऐकण्याजोगे काय उरले? पुष्कळ. विमानांचे बोलणे आजही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जुन्याच पद्धतीने, आयाम-परिवर्तनाने चालते, आणि त्याला सबळ कारण आहे: दोन वैमानिक एकाच वेळी बोलले तर शिट्टीसारखा ध्वनी उठून नियंत्रकाला त्याची जाणीव तरी होते, उलट पोलिसांच्या रेडिओतील वारंवारता-परिवर्तनात प्रबळ आवाज दुबळ्याला समूळ गिळून टाकतो. जहाजांची संकटवाहिनी १५६.८ मेगाहर्ट्झवर तशीच आहे. अमेरिकन रेल्वेचे गार्ड व चालक १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या आसपास बहुतांशी साध्या आवाजातच बोलतात. सरकारी हवामान-खात्याची सात प्रक्षेपणे १६२.४०० ते १६२.५५० च्या दरम्यान अहोरात्र चालू असतात. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक डोक्यावरून जात असता १४५.८०० वर अंतराळवीराचा आवाज, योग आला तर, याच पेटीत ऐकू येतो. ग्रामीण भागात तर चित्र अधिकच आशादायक आहे. तेथील बहुसंख्य अग्निशामक जवान हे हाकेला धावून येणारे स्वयंसेवक असतात, त्यांना बोलावण्यासाठी आधी दोन स्वर आणि मग साधी सूचना देण्याची रीत अनेक तालुक्यांत टिकून आहे, आणि ती सूचना प्रो-२००६ ला निःसंदिग्ध कळते.

इंग्लंडात चित्र वेगळे आहे. तेथील पोलीस २००५ पर्यंत ‘टेट्रा’ पद्धतीच्या कूटबद्ध जाळ्यावर गेले, शिवाय आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकणे हाच तेथे अपराध आहे. अमेरिकेतही न्यूयॉर्क व फ्लोरिडासारख्या राज्यांत मोटारीत स्कॅनर बाळगण्यावर निर्बंध आहेत. परदेशस्थ आप्तांकडून असे यंत्र भारतात आणू पाहणाऱ्यांनी हे विशेष जाणावे, की १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी अधिनियमाने बिनतारी यंत्र परवान्याविना बाळगण्यास मज्जाव केला होता, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही अनुमतीचे तत्त्व कायम ठेवले आहे. म्हणून मुंबईच्या विमानतळाचे बोलणे ऐकण्याच्या हौसेने कोणी सामानातून पेटी आणली, तर कायद्याची बाधा येऊ शकते.

ज्याला जुने यंत्र डिजिटल संभाषणासाठीही वापरावयाचे आहे, त्याला एक आडवाट मोकळी आहे. यंत्रातील परिवर्तित लहर आवाजाच्या गाळणीत शिरण्यापूर्वीच तिला तार जोडून बाहेर काढावी आणि संगणकाच्या ध्वनिपट्टीला द्यावी, म्हणजे आकड्यांचा अर्थ लावण्याचे काम विनामूल्य आज्ञावलीकडून होते. प्रो-२००६ च्या चाहत्यांत ही दुरुस्ती चांगलीच रूढ आहे. मात्र दूरचित्रवाणीसाठी बनविलेली, अंगठ्याएवढी एक स्वस्त यूएसबी पट्टी व्यापक श्रवणाला उपयोगी पडते असे २०१२ साली आढळून आल्यापासून या खटपटीची निकड उरलेली नाही. हौसेसाठी ती करावी, काटकसरीसाठी नव्हे.

तेव्हा माळ्यावरून पेटी खाली काढणाऱ्याने प्रथम तिच्यातील नऊ व्होल्टचा स्मरण-सेल बदलावा, चांगली एरिअल लावावी, आणि हवामानाच्या सात वारंवारता भराव्या. त्यांतील एक जरी स्पष्ट ऐकू आली, तरी यंत्र निरोगी आहे. त्यानंतर आपल्या इलाख्यातील पोलीस व अग्निशामक दल कोणत्या पद्धतीने बोलतात याची चौकशी करावी: साधे असेल तर काहीच विकत घ्यावयास नको, डिजिटल असेल तर त्या टप्प्याला पुरे पडणारे यंत्र घ्यावे, आणि कूटबद्ध असेल, तर विक्रेता काहीही सांगो, पैसे खिशातच ठेवावेत.