वैमानिकाची सिगारेट, आजोबांची विडी

१९ मे २०१६ च्या पहाटे पॅरिसहून कैरोकडे निघालेले इजिप्तएअरचे विमान भूमध्य समुद्रात कोसळले. विमानातील सर्व ६६ जण मृत्युमुखी पडले. इजिप्तच्या तपासयंत्रणेने स्फोटकांकडे बोट दाखवले. फ्रान्सच्या अपघात-अन्वेषण संस्थेच्या मते मात्र वैमानिकांच्या कक्षात आग लागली आणि तेथील ऑक्सिजन मास्कमधून होणाऱ्या गळतीने ती भडकली. पहिली ठिणगी कोठून आली हे सिद्ध झालेले नाही. सिगारेटची शक्यता फ्रेंच तज्ज्ञांनी मांडली होती. हा वाद मिटवणे तालुक्याच्या गावातील डॉक्टरचे काम नव्हे. पण ऑक्सिजन आणि ठिणगी यांची गाठ मी येथे राळेगावातच, एका खाटेवर पडलेली पाहिली आहे.

सत्तरी ओलांडलेले ते आजोबा. फुफ्फुसांचा जुना विकार, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि पन्नास वर्षांची विडी. सुनेचा डोळा चुकवून त्यांनी यंत्र बंद केले, नळी गळ्यात सरकवली आणि काडी ओढली. क्षणार्धात दाढी-मिशा व पांघरुणाची कड पेटली. सून ओला टॉवेल घेऊन धावली म्हणून निभावले. ते मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "मशीन त मी बंद केली होती ना जी!"

केली होती, हे खरेच. परंतु ऑक्सिजन पांघरुणात, सदऱ्यात, दाढीच्या केसांत मुरून राहतो. तो स्वतः जळत नाही. जळणाऱ्याला बळ देतो. साध्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. हे प्रमाण थोडे जरी वाढले, तरी एरवी नुसते धुमसणारे कापड भडकून पेटते. म्हणून यंत्र बंद केल्यावरही निदान वीस मिनिटे, अंगावरचे कपडे मोकळ्या हवेत झटकेपर्यंत, ज्योतीजवळ जाऊ नये. चालू यंत्राची नळी अंथरुणावर टाकून उठू नये. देवघरातील निरंजन, कापूर, उदबत्ती, डासांची अगरबत्ती, गॅसची शेगडी ही सारी रुग्णापासून किमान दहा फूट दूर असावीत. आरतीचे ताट रुग्णाच्या तोंडासमोर नेण्याची आपली रीत आहे. या घरांत ते दारातूनच दाखवावे. नाक कोरडे पडते म्हणून व्हॅसलीन किंवा तेलकट बाम लावणेही टाळावे.

दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून अधिक फसवी. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट ओढीने चिकटतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या दोहोंत फरक करू शकत नाही. विडी ओढणाऱ्याच्या बोटावर तो फसवा चांगला आकडा दाखवतो. उंचावर विमानातील हवेचा दाब सुमारे आठ हजार फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे चिखलदऱ्याच्या दुपटीहून अधिक उंचीवरचा असू शकतो. तेथे धूम्रपान करणारा वैमानिक आपल्या मेंदूचा व डोळ्यांचा ऑक्सिजन आणखी घटवत असतो. मुलाकडे जाण्यासाठी नागपूरहून विमानात बसणाऱ्या दमेकरी आजी-आजोबांनी तिकिटाआधी डॉक्टरांना भेटावे. स्वतःचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. कॉन्सन्ट्रेटरविषयी विमान कंपनीला आधी कळवावे लागते.

मग शिकलेसवरलेले वैमानिक तरी का ओढतात? १२ मार्च २०१८ रोजी काठमांडूत उतरताना झालेल्या अपघातात ५१ जण दगावले. तो विमानाचा कॅप्टन तीव्र मानसिक ताणाखाली होता व उड्डाणात सिगारेटी ओढत होता, असे नेपाळच्या चौकशी आयोगाने नोंदवले. अपघाताचे कारण सिगारेट नव्हे, ढळलेले भान होते. पण हात सिगारेटकडे का जातो ते त्यातून कळते. तुमच्या घरातील वृद्धाचेही तसेच. दुपारी घर रिकामे झाले की विडी आठवते. ओरडून ती सुटत नाही, केवळ लपते. आणि लपून ओढलेली विडी ऑक्सिजनच्या घरात सर्वांत घातक. निकोटिनच्या गोळ्या वा च्युइंगम यांविषयी डॉक्टरांना विचारा. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आजोबांची दाढी आता पुन्हा वाढली आहे. विडी दिवसाला दोनवर आली आहे. नळी घरात ठेवून, सदरा बदलून, अंगणातील कडुनिंबाखाली. या दोन विड्यांवरून आमचे दर आठवड्याला भांडण होते.