ऑडिशन (दूरचित्रवाणी गायनस्पर्धा)

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत भाग घेऊ इच्छिणाऱ्या गायकांमधून स्पर्धक निवडण्यासाठी जी प्रारंभिक चाचणी घेतली जाते तिला ऑडिशन असे म्हणतात. मराठीत तिच्यासाठी निवड चाचणी किंवा प्राथमिक फेरी हे शब्दही वापरले जातात. स्पर्धेच्या पहिल्या काही भागांत प्रेक्षकांना दिसते ती ऑडिशन बहुधा अनेक टप्प्यांच्या निवडप्रक्रियेचा शेवटचा टप्पा असते. निवडप्रक्रिया आणि तिचे प्रक्षेपित रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतल्याशिवाय या फेरीचे स्वरूप नीट कळत नाही.

पूर्वपीठिका

भारतात गायकाची औपचारिक चाचणी घेण्याची पद्धत दूरचित्रवाणीच्या आधी आकाशवाणीने रूढ केली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत कलावंतांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्याची व्यवस्था देशभर लागू झाली. प्रस्थापित कलावंतांनीही चाचणी द्यावी, या अपेक्षेला त्या वेळी विरोध झाला. पुढे मात्र ही व्यवस्था स्थिरावली. परीक्षकांना गायक दिसू नये आणि त्याचे नाव कळू नये, केवळ आवाज ऐकून निर्णय व्हावा, हे तिचे मुख्य तत्त्व होते. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाल्यामुळे विदर्भातील गायकांना त्या केंद्रावर जाणे शक्य झाले.

दूरचित्रवाणीने हा क्रम उलटा केला. येथे गायक दिसणे हेच मुळात आवश्यक ठरले. झी टीव्हीवर १९९५ साली सुरू झालेल्या 'सा रे ग म' या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन सोनू निगम यांनी केले. दूरदर्शनवरील 'मेरी आवाज सुनो' या स्पर्धेतून सुनिधी चौहान पुढे आल्या. या काळातील कार्यक्रमांत निवड चाचणी पडद्यामागे होत असे आणि निवडलेला गायकच प्रेक्षकांसमोर येई.

निवड चाचणीलाच कार्यक्रमाचा भाग बनविण्याची कल्पना परदेशातून आली. २००१ साली ब्रिटनमध्ये 'पॉप आयडॉल' आणि २००२ साली अमेरिकेत 'अमेरिकन आयडॉल' सुरू झाले. यशस्वी गायकांबरोबर नाकारलेले गायकही त्यांत दाखविले जात. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये सोनी वाहिनीवर 'इंडियन आयडॉल' सुरू झाले. अनु मलिक, सोनू निगम आणि फराह खान हे पहिल्या पर्वाचे परीक्षक होते. मार्च २००५ मध्ये अभिजीत सावंत विजेते ठरले. या पर्वानंतर ऑडिशन हा शब्द घरोघरी परिचित झाला.

कार्यपद्धती

प्रत्येक वाहिनीची पद्धत थोडीफार वेगळी असली, तरी सर्वसाधारण टप्पे पुढीलप्रमाणे असतात.

नोंदणी : इच्छुक गायक ठरलेल्या शहरातील केंद्रावर अर्ज भरतो, वयाचा पुरावा देतो आणि त्यास क्रमांक मिळतो. मोठ्या शहरांत पहाटेपासून रांगा लागतात. अलीकडे गाण्याची ध्वनिचित्रफीत ऑनलाइन मागविण्याची पद्धतही रूढ झाली आहे. करोनाच्या साथीमुळे २०२० साली 'इंडियन आयडॉल'च्या बाराव्या पर्वासाठी प्रारंभिक चाचणी याच मार्गाने घेण्यात आली.

पहिली चाळणी : या टप्प्यावर प्रसिद्ध परीक्षक सहसा उपस्थित नसतात. निर्मिती संस्थेने नेमलेले संगीत जाणकार प्रत्येकाचे गाणे ऐकतात. एका उमेदवाराला मिळणारा वेळ फार थोडा असतो. गाण्याचा मुखडा आणि फार तर एक अंतरा एवढेच बहुधा ऐकले जाते. सर्वाधिक उमेदवार याच टप्प्यावर गळतात आणि त्यांचे गाणे प्रक्षेपणात येत नाही.

दुसरी चाळणी : निवडलेल्या गायकांना पुन्हा, बहुधा कॅमेऱ्यासमोर, गायला सांगितले जाते. आवाजाबरोबरच सभाधीटपणा, बोलण्याची ढब आणि गाण्याच्या विविध प्रकारांची तयारी पाहिली जाते. उमेदवाराचे घर, शिक्षण, व्यवसाय यांविषयी माहिती घेतली जाते आणि चित्रीकरणास संमती देणाऱ्या कागदपत्रांवर सही घेतली जाते.

परीक्षकांसमोरील फेरी : प्रेक्षक जी ऑडिशन पाहतात ती ही होय. तिच्यापर्यंत पोहोचलेला प्रत्येक गायक आधीच्या चाळण्यांतून आलेला असतो. बेसूर गाणारा उमेदवारही येथे दिसला, तर तोही कोणीतरी निवडून पुढे पाठविलेला असतो, हे लक्षात घ्यावे लागते.

सांगीतिक निकष

प्रारंभिक चाचणीत अनेकदा वाद्यांची साथ नसते. साथ नसताना गायकाचा षड्ज स्थिर राहतो की गाता गाता खाली किंवा वर सरकतो, हे परीक्षकास लगेच कळते. म्हणून सुरुवातीची पट्टी निवडणे फार महत्त्वाचे ठरते. पुरुष गायक साधारणतः काळी एक ते काळी दोन आणि स्त्रिया काळी चार ते काळी पाच या पट्ट्यांत गातात. चित्रपटगीताची मूळ पट्टी मात्र त्या पार्श्वगायकाच्या गळ्यानुसार ठरलेली असते. केवळ मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर किंवा कराओकेवर सराव केलेला उमेदवार साथ नसताना पट्टी चुकवितो आणि अंतऱ्यातील तार सप्तकाच्या जागी त्याचा आवाज फाटतो. तंबोऱ्यावर किंवा हार्मोनियमच्या एका स्वरावर सराव केलेल्यास ही अडचण कमी येते.

सूर आणि लय यांखेरीज उच्चार, श्वासाचे नियोजन, शब्दार्थाची जाण आणि मूळ गायकाची नक्कल टाळून स्वतःचा आवाज जपणे यांकडेही लक्ष दिले जाते.

प्रक्षेपण आणि संपादन

अनेक दिवसांचे चित्रीकरण काही भागांत बसवायचे असल्याने काय दाखवायचे याची निवड अपरिहार्य असते. उत्तम गाणी, हास्यास्पद वाटणारी गाणी आणि करुण कौटुंबिक पार्श्वभूमी या तिन्हींना प्राधान्य मिळते. साधारण बरा गाणारा, पण सांगण्यासारखी कथा नसलेला उमेदवार सहसा दिसत नाही. २००९ साली 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या स्पर्धेत सुझन बॉयल यांनी दिलेल्या चाचणीची चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्या अंतिम फेरीत दुसऱ्या आल्या. लोकांच्या स्मरणात मात्र त्यांची ऑडिशनच राहिली.

चेहऱ्याचा प्रभाव टाळण्याचा प्रयत्नही झाला आहे. २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या 'द व्हॉइस' या स्पर्धेत परीक्षक गायकाकडे पाठ करून बसतात आणि आवाज आवडल्यास खुर्ची वळवितात. २०१५ साली तिची भारतीय आवृत्ती आली. परीक्षकाने न पाहता ऐकावे, हे आकाशवाणीचे जुने तत्त्व येथे मनोरंजनाच्या रूपात परतले; प्रेक्षकाला मात्र गायक दिसतच राहतो.

मराठी स्पर्धा

झी मराठीवरील 'सारेगमप' २००६ साली सुरू झाले. त्याच्या २००८-०९ मधील 'लिटिल चॅम्प्स' पर्वाच्या अंतिम फेरीत कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत आणि आर्या आंबेकर हे पाच जण होते. कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. आळंदी, अलिबाग, लातूर आणि रत्नागिरी जिल्हा अशा विविध भागांतील मुले त्यांत असल्याने, महानगराबाहेरील मुलालाही निवड चाचणीतून पुढे जाता येते, असा विश्वास पालकांत निर्माण झाला. सोनी मराठीवरील 'इंडियन आयडॉल मराठी' २०२१-२२ मध्ये झाले. अजय-अतुल हे त्याचे परीक्षक आणि सागर म्हात्रे हे विजेते होते.

विदर्भ आणि गोंदिया जिल्हा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. महाराष्ट्राच्या ईशान्य टोकावरील या जिल्ह्याच्या सीमा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या राज्यांना लागून आहेत. येथील उमेदवाराला जवळचे मोठे शहर म्हणजे रेल्वेने सुमारे १३० किमी अंतरावरील नागपूर. चाचणी मुंबईला असेल तर प्रवास सुमारे ९७० किमीचा होतो. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस त्यासाठी सोयीची असली, तरी देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील खेड्यातून आधी गोंदियास पोहोचावे लागते. अल्पवयीन स्पर्धकाबरोबर पालकाचाही प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी हिशेबात धरावी लागते. अवघ्या एका अंतऱ्यासाठी एवढा खर्च करावा की नाही, हा येथील कुटुंबांपुढचा खरा प्रश्न असतो. ऑनलाइन चाचणीमुळे पहिल्या टप्प्याचा हा भार हलका होतो.

दुसरी अडचण भाषेची आहे. जिल्ह्यात मराठीच्या झाडीबोलीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगडी बोलल्या जातात. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'र' येतो. प्रमाण मराठीतील भावगीत किंवा नाट्यगीत गाताना या उच्चारांकडे दोष म्हणून पाहिले जाण्याचा संभव असतो. वास्तविक तो बोलीचा गुणधर्म आहे. गाण्यासाठी प्रमाण उच्चार सरावाने आत्मसात करता येतात.

या भागाला गाण्याची स्वतःची परंपरा आहे. धानाच्या कापणीनंतर भरणारी मंडई, दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके यांतून गायक-नट थेट लोकांसमोर गातात. तेथे निवड करणारा परीक्षक म्हणजे समोरचा प्रेक्षक असतो. मात्र या गायकीस दूरचित्रवाणीच्या प्राथमिक फेरीत फारशी जागा मिळत नाही, कारण तेथे प्रामुख्याने परिचित चित्रपटगीते आणि भावगीते अपेक्षित असतात.

या परिसरातील गायक यशस्वी झाल्याची उदाहरणे आहेत. 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वातील उपविजेते अमित साना हे गोंदियाच्या पूर्वेस याच रेल्वेमार्गावर असलेल्या भिलाईचे होत. त्याच पर्वात तिसरे आलेले राहुल वैद्य यांचा जन्म नागपूरचा. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या वैशाली म्हाडे यांनी मराठी 'सारेगमप' आणि त्यानंतर हिंदी 'सा रे ग म प चॅलेंज २००९' या दोन्ही स्पर्धा जिंकल्या.

टीका आणि सावधगिरी

नाकारलेल्या उमेदवाराची थट्टा प्रक्षेपित करणे, हा या फेरीवरील मुख्य आक्षेप आहे. मोठ्या गायकासाठी तो क्षण विसरण्याजोगा असू शकतो. शाळकरी मुलाला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसावयाचे असते. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने मालिका, रिॲलिटी शो आणि जाहिराती यांतील मुलांच्या सहभागाविषयी २०१०-११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. २०१९ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने, नृत्याच्या कार्यक्रमांत मुलांना अनुचित रीतीने दाखवू नये, अशी सूचना वाहिन्यांना दिली.

ऑडिशनच्या नावाखाली नोंदणी शुल्क किंवा 'हमखास निवडी'साठी पैसे मागून फसवणूक होण्याचाही धोका असतो. म्हणून वाहिनीच्या अधिकृत घोषणेशी माहिती ताडून पाहणे आणि संमतिपत्र पूर्ण वाचल्याशिवाय सही न करणे आवश्यक ठरते.

प्राथमिक फेरीतील नकार हा एका दिवशी, एका गाण्यावर, एका कार्यक्रमाच्या गरजेपुरता दिलेला निर्णय असतो. आकाशवाणीच्या चाचणीत अयशस्वी ठरलेल्या गायकास ठरावीक काळानंतर पुन्हा चाचणी देता येते, आणि दूरचित्रवाणी स्पर्धेच्या पुढील पर्वातही वयाची अट पूर्ण होत असल्यास पुन्हा प्रयत्न करता येतो.