खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे मालकी मिळाली काय?

दुकान किंवा प्लॉट घेताना आपल्या व्यापारी बंधूंचा सारा भर रजिस्ट्रीवर असतो. "रजिस्ट्री झाली, आता कोण काय करणार?" हे वाक्य सिटी चौकापासून शहागंजपर्यंत आम्ही कितीदा ऐकले असेल! हा मोठा गैरसमज आहे.

दुय्यम निबंधक मालकी तपासत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे त्याने पाहावयाचे ते मुख्यतः एवढेच, की दस्त लिहून देणारा इसम तोच आहे काय, सही केल्याचे तो कबूल करतो काय, मुद्रांक व फी भरली काय आणि दस्त चार महिन्यांच्या मुदतीत आला काय. जमीन विकणाऱ्याची आहे की नाही, हा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा. मालकीचा मूळ दस्तऐवज दाखविल्याशिवाय नोंदणी होणार नाही, असा नियम तामिळनाडूने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो एप्रिल 2025 मध्ये रद्द केला, कारण मालकीची छाननी हे निबंधकाचे कामच नव्हे. म्हणून मालकीचा वाद आहे असा हरकतीचा नुसता अर्ज दिल्याने नोंदणी थांबत नाही. मनाई हुकूम न्यायालयातूनच आणावा लागतो. (कायद्यानेच विक्रीस बंदी असलेल्या मालमत्तेची गोष्ट निराळी.) एकदा नोंदलेला दस्त निबंधकाला आपल्या अधिकारात रद्दही करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली सांगितले आहे.

दावा चालू असताना घेतलेली जागा 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 मध्ये सापडू शकते. अशी खरेदी आपोआप रद्द होत नाही, पण विकणारा दावा हरला की खरेदीदारही हरला. 'आम्हाला दाव्याची कल्पना नव्हती' ही सबब सहसा चालत नाही. दाव्याची माहिती मिळाल्यास आपणास पक्षकार करून घेण्याचा अर्ज वकिलामार्फत ताबडतोब द्यावा.

परंतु आमच्या पाहण्यात खरा घोळ होतो तो वारसाहक्कात. वडील वारले, मालमत्ता पत्रकावर भावांचीच नावे लागली, बहिणींची राहून गेली किंवा मुद्दाम राहू दिली. शरीअतीप्रमाणे वारसाचा हिस्सा मृत्यूच्या क्षणीच ठरतो, कागदावर नाव असो वा नसो. आई हयात नाही, दोन भाऊ व दोन बहिणी आहेत असे धरा. प्रत्येक भावाचा एक तृतीयांश व प्रत्येक बहिणीचा एक षष्ठांश. दोघा भावांनी सारे दुकान विकले तरी खरेदीदाराच्या पदरी दोन तृतीयांशच पडते, पैसे मात्र त्याने पूर्ण मोजलेले असतात! पुढे भाचे वाटणीचा दावा घेऊन येतात तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून इसार देण्यापूर्वीच सर्व वारसांची यादी मागावी आणि बहिणींच्या सह्या खरेदीखतावरच घ्याव्यात. "त्यांनी हक्क सोडला आहे" असे तोंडी सांगितले जाते. नोंदलेले हक्कसोडपत्र दाखवा म्हणावे.

तीस वर्षांचा सर्च घेण्याची वकिलांची रीत चांगली आहे, पण मराठवाड्यात ती अपुरी पडते. जमीन मुळात मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या खिदमतीसाठी दिलेली इनाम असू शकते. तिची चौकशी पाणचक्कीच्या वक्फ मंडळाच्या कार्यालयात करावी, कारण वक्फ मालमत्तेची विक्री मुळातच अवैध आहे. निजामकाळातील बैनामे उर्दूत असून त्यांवर फसली सन असतो. त्यात 590 मिळविले की इसवी सन साधारण निघतो. 1350 फसली म्हणजे 1940-41. आजचे तरुण वकील हे कागद बाजूला ठेवतात. तेव्हा मोहल्ल्यातील एखादे जुने उर्दू जाणणारे गृहस्थ गाठून, वकिलासमोर बसवून ते वाचून घ्यावेत, आणि चतुःसीमा जागेवर जाऊन ताडून पाहाव्यात.